अब्बांचा ओळंबा

२०१९ सालची १ फेब्रुवारी. जुम्याचा दिवस होता. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात आदल्या नोव्हेंबरपासून जमीन अधूनमधून हादरत होती, पण त्या दिवशी धक्क्यामागून धक्के बसले. सर्वांत मोठा ४.१ तीव्रतेचा. धुंदलवाडी, दापचरीच्या बाजूची माणसं घराबाहेर आली ती पुढे कित्येक रात्री आत झोपायला गेलीच नाहीत. प्रशासनाने तंबू वाटले. शाळांचे वर्ग उघड्यावर भरू लागले. दोन वर्षांची एक मुलगी धक्क्याच्या वेळी बाहेर पळताना पडली आणि गेली.

आमचं घर वरोरला. तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर, समुद्राच्या अंगाला. आमच्याकडे मांडणीवरची भांडी वाजली, टांगलेला दिवा हलला, एवढंच. पण संध्याकाळी अब्बांनी मला माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. अब्बांनी आयुष्यभर गवंडीकाम केलं. तेव्हा काम सोडून त्यांना आठ-दहा वर्षं झाली होती. पेटीत थापी, गुण्या, पाणसळ, लेव्हलची प्लास्टिकची नळी आणि त्यांचा पितळी ओळंबा होता.

ज्यांनी ओळंबा वापरताना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. दोरीच्या एका टोकाला पितळेचा लट्टू असतो. दोरी एका ठोकळ्यातून ओवलेली असते आणि ठोकळ्याची रुंदी बरोबर लट्टूच्या रुंदीएवढी असते. ठोकळा भिंतीच्या माथ्याला टेकवायचा आणि लट्टू खाली सोडायचा. भिंत सरळ असेल तर लट्टू खाली भिंतीला नुसता स्पर्श करून थांबतो. भिंत आपल्याकडे कलली असेल तर लट्टू आणि भिंत यांच्यात फट पडते. पलीकडे कलली असेल तर लट्टू भिंतीवर रेलतो. यापलीकडे त्यात काही नाही. बाकी काम पृथ्वी करते.

अब्बांनी पश्चिमेच्या भिंतीला ओळंबा लावला. दहा फूट उंचीची ती भिंत त्यांनी स्वतः बांधलेली. लट्टू स्थिर होईपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो. मग त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दोन सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दहा फुटांत पाव इंच भिंत बाहेर आली होती.

"म्हणजे भूकंपाने कलली?" मी विचारलं.

"ते मला काय ठाऊक, बेटा? आधी कुठे मोजली होती?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीच्या पायथ्याशी लिहिलं: १-२-१९, २ सूत.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञान हा माझा विषय नाही. पण अब्बांच्या त्या उत्तराने मला पुढे बरंच वाचायला लावलं. इंजिनियर लोक आज पुलांवर, धरणांवर, बोगद्यांच्या वरच्या इमारतींवर जी कलमापक यंत्रं बसवतात, इंग्रजीत ज्यांना टिल्टमीटर म्हणतात, त्यांचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आहे. एकदा मोजलेला कल काहीच सांगत नाही. कालचा आकडा हाताशी असेल तर आजच्या आकड्याला अर्थ येतो.

आधी शब्दांकडे जाऊ, कारण ती माझी सवय आहे. मराठीतला ओळंबा 'अवलंब'पासून आला, म्हणजे लोंबणारी वस्तू. उर्दूत त्याच वस्तूला शाक़ूल किंवा साहूल म्हणतात. मूळ शब्द अरबी. बांधकामावर उत्तरेकडचे मिस्त्री 'साहूल' म्हणतात आणि आमच्याकडचे गवंडी 'ओळंबा'. एकाच भिंतीवर दोन्ही शब्द ऐकू येतात आणि कुणाचं काही अडत नाही. कल या शब्दाचं तर दोन्ही भाषांत सारखंच झालं आहे. मराठीत भिंतीचाही कल असतो आणि मतदारांचाही. उर्दूत 'माइल' होणं म्हणजे झुकणं, आणि माणसाचं मनही माइल होतं. तिसरा शब्द मीज़ान. सूरह रहमान वाचणाऱ्याला तो परका नाही. मीज़ान म्हणजे तराजू. पण जुन्या अरबी ग्रंथांत जमिनीची पातळी पाहण्याच्या साधनालाही मीज़ान म्हटलेलं आहे, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच असतो: काटा कुठल्या बाजूला गेला?

असा एक ग्रंथ अल-करजी या गणितज्ञाचा आहे. बीजगणिताच्या इतिहासात त्यांचं नाव मोठं आहे, पण इ.स. १०१७च्या सुमारास त्यांनी जमिनीखालचं पाणी शोधून बाहेर आणण्यावर एक पुस्तक लिहिलं. इराणात कनात खोदत असत, म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून गावापर्यंत जमिनीखालून जाणारे पाण्याचे बोगदे. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ साचतो. त्यामुळे मैलोन्‌मैल अगदी हलका उतार धरून ठेवणं हे सगळं कौशल्य. त्या काळची साधनं वाचून मला अब्बांची पेटी आठवली. एक उलटा टांगलेला त्रिकोण आणि त्याच्या मध्यातून सोडलेला ओळंबा. दुसरं साधन तर आणखी साधं: पोकळ वेळूची लांब नळी, मधोमध एक भोक. मदतनीस भोकातून पाणी ओततो. दोन्ही टोकांतून सारखं पाणी गळलं की नळी समपातळीत. अब्बांची प्लास्टिकची लेव्हलची नळी ही याच घराण्यातली.

ही विद्या आपल्या मुलखात कुठे दिसते हे पाहायचं असेल तर औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जा. मलिक अंबर, हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला माणूस, त्याने १६१० साली खडकी वसवली आणि तिला पाणी आणलं ते नहर-ए-अंबरीतून. कुठेही पंप नाही. सगळं पाणी उतारावर चालतं. पुढे अठराव्या शतकात पाणचक्कीची नहर झाली तीही याच पद्धतीची. पर्यटक चक्कीचा फोटो काढतात. मला वाटतं, फोटो काढण्याजोगी गोष्ट जमिनीखाली आहे आणि ती दिसत नाही, ही त्या नहरीची अडचण आहे.

इथे थोडं थांबून एक गोष्ट स्पष्ट करते. "सगळे शोध आपल्याच लोकांनी लावले" असे संदेश आपल्या व्हॉट्सॲप गटांत फिरत असतात. त्यात भर घालायची माझी इच्छा नाही. वेळूची नळी कितीही चांगली असली तरी तिच्याने अंशाचा हजारावा भाग मोजता येत नाही. हवेचा बुडबुडा असलेली काचेची पाणसळ १६६१च्या सुमारास फ्रान्समध्ये थेवेनो यांनी केली आणि तिथून पुढची बारीक मोजणी बव्हंशी युरोपात वाढली. पण ती हिंदुस्थानात आली तेव्हा ती चालवणारे, दुरुस्त करणारे हात कुणाचे होते हे मात्र सांगितलं जात नाही.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी हिंदुस्थानची महात्रिकोणमितीय पाहणी केली. जॉर्ज एव्हरेस्ट यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, शिखरामुळे. त्यांच्या पथकाकडे थिओडोलाइट नावाची प्रचंड यंत्रं होती. मोठ्या थिओडोलाइटची तबकडी तीन फूट व्यासाची, यंत्राचं वजन अर्ध्या टनाच्या घरात. ती डोंगरांवर, मनोऱ्यांवर चढवायची, पाणसळीने समपातळीत आणायची आणि मग कोन वाचायचे. धूळ, पाऊस, बैलगाडीचे धक्के यांनी ती बिघडत. ती दुरुस्त करायला लंडनहून हेन्री बॅरो नावाचे कारागीर आणले गेले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर हे काम ज्यांच्याकडे आलं ते होते सय्यद मीर मोहसिन हुसेन. मूळचे अर्काटचे. मद्रासमध्ये एका जवाहिऱ्याकडे काम करत होते. सर्वेक्षणाचे अधिकारी व्हॅलेंटाइन ब्लॅकर यांची नजर त्यांच्या हातावर गेली आणि त्यांनी त्यांना कलकत्त्याला आणलं. बॅरो निघून गेल्यावर यंत्रांची जबाबदारी मोहसिन हुसेन यांच्यावर पडली. एव्हरेस्ट यांच्यासारखा तापट, कुणाचं सहसा बरं न बोलणारा माणूस त्यांच्याबद्दल आदराने बोलतो, ही साधी गोष्ट नाही.

शिखराला कुणाचं नाव द्यायचं यावर तेव्हाही वाद झाला, आजही होतो. यंत्र सरळ उभं ठेवणाऱ्या माणसाचं नाव मात्र आमच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात मी वाचलेलं नाही. मी स्वतः बी.एड.पर्यंत शिकले. चाळिशी ओलांडेपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं.

त्या पाहणीतच ओळंब्याविषयी एक चमत्कारिक गोष्ट बाहेर आली. उत्तरेतलं कलियाना आणि मध्य भारतातलं कल्याणपूर या दोन ठिकाणांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं. एकदा जमिनीवर त्रिकोण मोजत, एकदा ताऱ्यांवरून. दोन उत्तरांत ५.२३६ विकलांचा फरक आला. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला, म्हणजे फरक नखाएवढाही नाही. पण जमिनीवर तो सुमारे १६० मीटर होतो, आणि इतकी चूक ते लोक करत नव्हते. मग कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिशेब मांडला. ताऱ्यांवरून मोजताना 'खाली' कुठे आहे हे ओळंब्यावरून ठरतं आणि हिमालयाचं वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे खेचतं. म्हणजे खुद्द ओळंबाच कलला होता. गंमत अशी की प्रॅट यांच्या १८५५च्या हिशेबाने तो जवळजवळ १६ विकला कलायला हवा होता, प्रत्यक्षात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच कलला. त्याचं कारण शोधताना जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की डोंगरांना खाली मुळं असतात, हलक्या खडकाची. पृथ्वीच्या पोटाविषयीचा एक पायाभूत विचार ओळंब्याच्या या पाच विकलांतून निघाला.

अब्बांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "मग ते गवंडी काय करत असतील, हिमालयाजवळचे?" मी सांगितलं की भिंत बांधायला काही फरक पडत नाही, भिंतीलाही तीच दिशा 'खाली' वाटते. त्यांचं समाधान झालं.

पुढचा टप्पा आमच्या मधल्या खोलीच्या दारावरून समजून घेता येतो. ते दार उघडं सोडलं तर हळूहळू आपोआप बंद होतं. अम्मीची ती जुनी तक्रार. अब्बा म्हणायचे, चौकट ओळंब्यात नाही. बिजागऱ्यांची रेषा अगदी उभी असेल तर दार जिथे सोडाल तिथे राहतं. रेषा किंचित जरी कलली तरी दार आपल्या सोयीची जागा शोधत फिरतं. म्हणजे चौकटीचा डोळ्याला न दिसणारा कल दाराच्या टोकाला हातभर हालचाल होऊन दिसतो. १८६९ साली जर्मन शास्त्रज्ञ झोल्नर यांनी आडव्या लंबकाचं जे यंत्र केलं ते तत्त्वतः असंच एक दार आहे. जॉन मिल्न यांच्या भूकंपमापकातही असाच आडवा लंबक होता आणि १८९८-९९च्या सुमारास हिंदुस्थानात अलीपूर, मुंबईचं कुलाबा आणि कोडाईकनाल इथे तो बसला. कुलाब्याच्या वेधशाळेचे प्रमुख तेव्हा नानाभाई मूस होते, त्या पदावरचे पहिले हिंदी.

याच काळातली एक गोष्ट वरोरच्या माणसाला आवडावी अशी आहे. चार्ल्स डार्विन यांचे दोन मुलगे, जॉर्ज आणि होरेस, यांनी १८८०-८१मध्ये केंब्रिजला एक लंबक टांगला. चंद्राच्या ओढीने तो किती हलतो ते त्यांना मोजायचं होतं. मोजता आलं नाही, कारण यंत्र फार नाजूक निघालं. खोलीत उभ्या माणसाने एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला तरी ते हलायचं. पण त्यातून जॉर्ज डार्विन यांनी १८८२ साली वेगळाच हिशेब केला: भरतीला किनाऱ्यालगत जे पाणी चढतं त्याच्या वजनाने किनाऱ्याची जमीन किती कलत असेल? कलते, आणि ओहोटीला परत येते. आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र किती आत जातो ते पाहिलेल्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. दिवसातून दोनदा आमचं गाव समुद्राकडे अगदी अदृश्य झुकतं आणि पुन्हा सरळ होतं.

आजची यंत्रं हाताच्या मुठीत मावतात. मुख्यतः दोन जाती. एका जातीत बुडबुड्याची काचेची नळीच असते, फक्त आतला द्रव वीजवाहक असतो आणि काचेत तारा बसवलेल्या असतात. नळी कलली की एका तारेवर द्रव जास्त चढतो, दुसरीवर कमी, आणि विजेचा अडथळा बदलतो. दुसऱ्या जातीत सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेलं, धुळीच्या कणाएवढं वजन बारीक पट्ट्यांना टांगलेलं असतं. ते सरकलं की विद्युतधारिता बदलते. आपल्या मोबाइलमध्ये हेच असतं. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं ते त्यामुळे. फोनमधलं स्वस्त असतं, पुलावर लावतात ते महाग. चांगलं यंत्र अंशाचा हजारावा भाग पकडतं. आमच्या दहा फुटी भिंतीच्या हिशेबाने तो एका सुताचा साठावा भाग झाला.

अवघड भाग यंत्रात नाही, ते लावण्यात आणि वाचण्यात आहे. गिलाव्यावर लावलं तर गिलाव्याचा कल मिळतो, भिंतीचा नाही. आणि भिंत दिवसभर स्वतःच हलत असते. सकाळी पूर्वेची बाजू तापते, फुगते, इमारत पश्चिमेकडे झुकते. दुपारनंतर उलट. पावसाळ्यात पायाखालची माती फुगते. म्हणून काम सुरू होण्याआधी काही आठवडे नुसतं मोजत बसावं लागतं, म्हणजे इमारतीचा रोजचा श्वास कळतो. त्यानंतर जे वेगळं दिसेल ते खरं. धरणांतही हेच. जलाशय भरला की धरणाची भिंत किंचित खालच्या बाजूला झुकते, रिकामा झाला की परत येते. मोठ्या धरणांच्या पोटात उभ्या विहिरीसारखी पोकळी ठेवून त्यात तार टांगतात आणि ती तार वर्षानुवर्षं वाचतात. म्हणजे ओळंबाच, फक्त पाच-पंचवीस मजली.

आणि कल किती आहे याने घाबरायचं नसतं, तो वाढतो आहे का हे पाहायचं. कुतुबमिनार साधारण साडेबहात्तर मीटर उंचीत ६५ सेंटीमीटर बाहेर गेला आहे, म्हणजे अर्धा अंश. आमच्या भिंतीच्या चौपट. तो उभा आहे. पिसाचा मनोरा १९९०मध्ये साडेपाच अंश झुकलेला होता आणि हळूहळू वाढत होता, म्हणून बंद केला. तिथे १९३४पासून लंबक टांगलेला होता, त्यामुळे वाढीचा वेग माहीत होता. १९९५च्या सप्टेंबरमध्ये पाया सावरण्यासाठी जमीन गोठवायला घेतली, तर मनोरा उलट जास्त झुकू लागला. यंत्रांनी ते लगेच दाखवलं आणि काम थांबवलं. पुढे उत्तरेच्या बाजूची माती थोडी थोडी काढून तो अर्धा अंश मागे आणला आणि २००१मध्ये पुन्हा उघडला.

आता मुंबईत येऊ. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही भुयारी मेट्रो, साडेतेहतीस किलोमीटरची, गिरगाव, काळबादेवी, फोर्टच्या जुन्या इमारतींखालून गेली. वरच्या इमारतींवर कलमापक, तडामापक, कंपनमापक लावले गेले. या काळातल्या दोन गोष्टी मी वर्तमानपत्रांतून कापून ठेवल्या होत्या. एक, फोर्टमधलं जे. एन. पेटिट वाचनालय. २०१७मध्ये मेट्रोच्या कामादरम्यान त्याच्या माथ्यावरच्या दगडी नक्षीचा भाग कोसळला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तज्ज्ञांच्या देखरेखीचा प्रश्न आला. दुसरी, पारशी समाजाची दोन आतश बेहराम. वाडिया आतश बेहराम १८३०चं, अंजुमन १८९७चं. बोगद्याने इमारतीला, विहिरीला आणि पवित्र अग्नीच्या विधींना बाधा येईल म्हणून समाजातले लोक न्यायालयात गेले. २०१८च्या अखेरीस न्यायालयाने बोगद्याला परवानगी दिली. बोगदा झाला, अग्नी तेवत आहे.

मला त्या समाजाचा हेवा वाटला, हे कबूल करते. मुंबईत मूठभर लोक, पण आपल्या वास्तूंचं काय होणार हे विचारायला वकील, वास्तुतज्ज्ञ, जुनी कागदपत्रं सगळं घेऊन उभे राहिले. एक विकला कलला तरी कुणीतरी कुणालातरी जबाब देईल अशी स्थिती त्यांनी आणली.

त्याच सुमारास, २०१७च्या ३१ ऑगस्टला, भेंडी बाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत सकाळी कोसळली. ३३ माणसं गेली. दोन दिवसांवर बकरी ईद होती. इमारत शंभराहून अधिक वर्षांची, आणि धोकादायक असल्याचं आधीच जाहीर झालेलं होतं. म्हणजे तिथे मोजणी नव्हती असं म्हणता येणार नाही. कागदावर आकडा होता. पण खोली सोडून जायचं कुठे, आणि परत मिळेल याची हमी कोण देतो, हे प्रश्न यंत्र सोडवत नाही. २०२०च्या ऑगस्टमध्ये महाडची तारिक गार्डन पडली, १६ गेले. सप्टेंबरमध्ये भिवंडीची जिलानी इमारत पहाटे झोपेतल्या माणसांवर पडली. ही नावं वाचा. आपलेच लोक राहत होते, आणि यातल्या काही इमारती बांधणारेही आपलेच होते. हे दुसरं वाक्य आपण सहसा गाळतो.

आणि शिळफाटा. ४ एप्रिल २०१३ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये सात मजली इमारत बांधता बांधताच कोसळली. ७४ माणसं मेली. त्यात तिथे काम करणाऱ्या मजुरांची कुटुंबं होती, अर्धवट इमारतीतच राहणारी. बेकायदा, भराभर चढवलेली इमारत. अब्बा तेव्हा टीव्हीसमोर बसून होते. कितीतरी वेळाने म्हणाले, "इतके मजले, इतके गवंडी, एकालाही दिसलं नसेल?" मग स्वतःच म्हणाले, "दिसलं असेल. सांगणार कुणाला?"

आज त्याच शिळफाट्यापासून बुलेट ट्रेनचा बोगदा सुरू होतो. वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत २१ किलोमीटर, त्यातले ७ खाडीखालून. शिळफाटा ते घणसोलीचा जवळपास पाच किलोमीटरचा भाग सुरुंग लावून खणला आणि २०२५च्या सप्टेंबरमध्ये आरपार झाला. त्यासाठी जमिनीवर खुणा, पाण्याचा दाब पाहणारी यंत्रं आणि इन्क्लिनोमीटर लावले होते. इन्क्लिनोमीटर म्हणजे जमिनीत खोल नळी गाडून तिच्यातून कलमापक सोडायचा आणि प्रत्येक खोलीवर नळी किती वाकली ते वाचायचं. बोगद्यात काम करणाऱ्यांचा जीव त्याने वाचतो, म्हणून ते हवंच. माझं म्हणणं इतकंच की ही यंत्रं त्या परिसरात आली तेव्हा ती जमिनीच्या पोटासाठी आली. तिथे राहणाऱ्या माणसाच्या भिंतीवर ओळंबा धरायला अजून कुणी आलेलं नाही.

ती रेल्वे पुढे आमच्या पालघर जिल्ह्यातून, डहाणू आणि तलासरीतून जाते. आणि आमच्या गावाच्या शेजारी वाढवण बंदर येतं आहे. ३० ऑगस्ट २०२४ला पायाभरणी झाली. खर्च ७६,२२० कोटी, समुद्रात भराव घालून तयार करायची जमीन सुमारे १,४४८ हेक्टर. गावातले मच्छीमार याच्या विरोधात किती वर्षं उभे आहेत ते इथे लिहायला घेतलं तर वेगळा लेख होईल. पण समुद्रात भराव घातला की तो बसतो, दबतो, बाजूला सरकू पाहतो, आणि तो मोजायला याच जातीची यंत्रं लागतात. ती लागतीलच. जगातल्या कुठल्याही मोठ्या बंदराला लागतात.

धुंदलवाडीच्या भूकंपांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपमापक बसवले, आणि उपग्रहाच्या रडारवरून जमीन वरखाली किती झाली तेही शास्त्रज्ञांनी तपासलं. हे चांगलंच झालं. पण एखाद्या आदिवासी पाड्यावरच्या बाईला आपल्या कुडाच्या नाहीतर विटांच्या भिंतीबद्दल विचारायचं असेल, की ही आता आणखी कलली का, तर तिला विचारायला कोण आहे? तिला हजारावा भाग नको आहे. दोन सूत की तीन सूत, एवढंच हवं आहे.

गेल्या वर्षी मी वर्गातल्या मुलांना हे करायला लावलं. सातवीची मुलं. फोनमधली पाणसळ उघडून प्रत्येकाने आपल्या घराच्या एका भिंतीचा कल लिहून आणायचा, दर जुम्याला, त्याच जागी खूण करून. मराठीच्या तासाला, निबंधाच्या नावाखाली. पहिल्या आठवड्यात आकडे वेडेवाकडे आले, कारण कुणी कव्हरसकट फोन टेकवला, कुणी काढून. दोन मुलांनी तर एकमेकांचे आकडे उतरवले होते. चौथ्या आठवड्यापर्यंत वह्या सरळ झाल्या. एका मुलाने लिहिलं होतं की आमच्या भिंतीचा आकडा दुपारी आणि रात्री वेगळा येतो, मी चुकतो आहे का? तो चुकत नव्हता.

अब्बांचा २०२१च्या पावसाळ्यात इंतिक़ाल झाला. तोवर दर महिन्याला त्यांनी ओळंबा लावला. गुडघे दुखू लागल्यावर वर ठोकळा मी धरायचे, खाली ते वाचायचे. भिंतीच्या पायथ्याशी पेन्सिलीची उभी रांग आहे, सत्तावीस ओळींची. सव्वीस ठिकाणी '२ सूत'. एका ठिकाणी, २०१९च्या ऑगस्टात, 'सव्वादोन?' असं प्रश्नचिन्हासह. त्या आठवड्यात पाऊस फार झाला होता.

गेल्या रमज़ानआधी घराला रंग दिला तेव्हा अम्मीने रंगाऱ्याला तेवढा तुकडा सोडायला सांगितला. तिथे जुना चुना तसाच आहे. अठ्ठाविसाव्या ओळीपासून अक्षर माझं आहे.